चोखणी कशी सोडवावी: दीड ते तीन वर्षांच्या मुलांच्या आईबाबांसाठी

तुमचं मूल चालतं, पळतं, आजोबांचा चष्मा ओढतं, 'मी, मी' करून स्वतःच्या हाताने वरणभात सांडतं, आणि तरीही तोंडात चोखणी असते, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. तान्ह्या बाळाच्या आईबाबांनी तो बाजूला ठेवावा. तिथे गणित वेगळं असतं.

आमची मुलगी दोन वर्षांची होऊन गेल्यावर आम्ही हे केलं. घरात आजी-आजोबा, दिवसभर पाळणाघर, आम्ही दोघंही नोकरीला. म्हणजे सल्ला देणारे भरपूर आणि रात्री झोप पुरी व्हायलाच हवी, अशी परिस्थिती. इंटरनेटवर मिळणारे बहुतेक उपाय वेगळ्या खोलीत, वेगळ्या पलंगावर झोपणाऱ्या मुलांसाठी लिहिलेले असतात. आईच्या कुशीत, खाली गाद्या घालून झोपणाऱ्या मुलांचं काय, ते आम्हाला आमचंच शोधावं लागलं.

मूळ मुद्दा आधीच सांगते. चोखणी काढून घेणं हे काम पाच मिनिटांचं आहे. ती जी कामं करत होती, म्हणजे झोपवणं, गप्प करणं, दुखणं विसरायला लावणं, ती आता कोणी करायची, हे ठरवायलाच सगळा वेळ लागतो.

१. आत्ताच सोडवायची आहे का, ते ठरवा

चोखणी दिली म्हणून मनाला लावून घेऊ नका. पहिल्या वर्षात झोपताना चोखणी असली तर झोपेत बाळ अचानक दगावण्याचा धोका कमी होतो, असं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटनाच सांगते. स्तनपान नीट बसल्यावर द्या, एवढीच त्यांची अट. पुढे चित्र बदलतं. सहा महिन्यांनंतर सतत चोखणी तोंडात असणाऱ्या मुलांचे कान जास्त वेळा दुखतात, म्हणजे मधल्या कानाचा संसर्ग होतो. आणि दात आले की दातांचा प्रश्न येतो.

दातांचं थोडं समजून घ्या, कारण घरात विचारणारे असतात. चोखणी तोंडात असली की जीभ खाली राहते आणि गाल आत ओढले जातात. वरचा जबडा हळूहळू अरुंद होतो. पुढच्या दातांमध्ये फट राहते, दाढा मिटल्या तरी वरचे-खालचे दात टेकत नाहीत. दुधाचे वीसही दात साधारण अडीच ते तीन वर्षांत येऊन जातात. त्याआधी सवय सुटली तर पुढची फट पुष्कळदा आपोआप भरून येते. दाढा तिरक्या बसू लागल्या तर मात्र त्या आपोआप सरळ होतीलच असं नाही. म्हणून लहान मुलांचे दंतवैद्य तीन वर्षांची मर्यादा सांगतात. वेष्टनावर 'ऑर्थोडॉन्टिक' (म्हणजे दातांची ठेवण जपणारी) लिहिलेली महागाची चोखणी घेतली म्हणून ही मर्यादा पुढे जात नाही.

माझं मत विचाराल तर दुसरा वाढदिवस झाला की मागे लागावं. दीड वर्षाच्या मुलाला समजावून सांगता येत नाही आणि तीन वर्षांचं मूल तुम्हालाच समजावायला लागतं.

पण पुढचं काही चालू असेल तर थांबा: घरात नवं बाळ आलंय किंवा येणार आहे, पाळणाघर किंवा प्लेग्रुप नुकताच सुरू झालाय, घर बदलताय, लंगोट सोडवताय, ताप-खोकला आहे, लसीचा बूस्टर नुकताच झालाय, मागच्या दाढा येताहेत. दिवाळी, गणपती, गावचं लग्न, मे महिन्यातला कोकणचा मुक्काम हे दिवसही टाळा. पाहुण्यांनी भरलेल्या घरात पहिल्या रडण्यालाच कोणीतरी 'द्या हो बिचारीला' म्हणतं.

२. चार दिवस काही करू नका, नुसतं लिहा

फ्रिजवर एक कागद लावा. तीन रकाने आखा: केव्हा दिली, कोणी दिली, कशासाठी दिली. चार दिवस जो कोणी चोखणी देईल त्याने लिहायचं. हे फालतू वाटेल, पण पुढचं सगळं या कागदावर उभं राहतं.

कागद भरला की बहुतेक घरांत दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे चोखणी मागितली जाण्यापेक्षा दिली जास्त जाते. बाबांचा ऑफिसचा फोन आला, तोंडात चोखणी. कुकर लावायचाय, चोखणी. रिक्षा सिग्नलला थांबली, मूल चुळबुळलं, अजून रडायलाही लागलं नाही, पण चोखणी तयार. दुसरं म्हणजे खरी गरज दोन-तीनच वेळांना असते: रात्रीची झोप, दुपारची झोप, आणि पडल्या-झडल्यावर किंवा पाळणाघरात सोडताना.

पहिल्या प्रकारातली चोखणी मोठ्यांची आहे. ती मुलाला न सांगताच बंद करता येते, आणि मुलाच्या लक्षातही येत नाही. आमच्या कागदावर जवळजवळ निम्म्या नोंदी अशा निघाल्या. त्यातल्या कोणाच्या अक्षरात जास्त होत्या, ते घरातल्या शांततेसाठी इथे लिहीत नाही.

३. घरातल्यांशी बोला, आणि प्रत्येकाला काम द्या

हा टप्पा गाळलात तर पुढचे सगळे टप्पे वाया जातील. दिवसा बाई काढून घेते आणि संध्याकाळी आजी पदराआडून देते, असं झालं तर मूल एवढंच शिकतं की चोखणी हवी असेल तर आजीकडे जायचं.

सासूबाईंना 'तुम्ही देऊ नका' असं सांगू नका. कागद दाखवा, डॉक्टरांचं नाव पुढे करा, आणि त्यांच्याकडे एक महत्त्वाचं काम सोपवा. 'आई, दुपारी तिला झोपवायचं तुम्ही बघाल का? तुमच्या थोपटण्याने ती लवकर झोपते.' हे खोटंही नसतं. ज्या पिढीने झोळी आणि अंगाईवर चार-चार मुलं झोपवली, तिच्या हातात कसब असतं. आजोबांना संध्याकाळची फेरी द्या: खाली जाऊन कुत्र्याला बिस्किट, भाजीवाल्याशी गप्पा, कसंही. ती संध्याकाळची चिडचिडी पाऊणएक तास चोखणीविना निघाली पाहिजे.

पाळणाघराच्या ताईंना आठ दिवस आधी सांगा. त्यांच्याकडे दहा मुलं असतात, एक रडलं की दुसरं उठतं, त्यामुळे त्यांना अडचणीत टाकून चालत नाही. कुठल्या दिवशी सुरू करणार, दुपारी न झोपल्यास काय करायचं, हे त्यांच्याशीच ठरवा. अनुभवी ताईंकडून उलट चांगल्या युक्त्या मिळतात. कामाला येणाऱ्या मावशी मुलाला कडेवर घेत असतील तर त्यांनाही सांगा, त्या नेहमी विसरल्या जातात.

सगळ्यांनी एकच वाक्य बोलायचं, हेही ठरवून घ्या. आमचं होतं, 'चोखू गादीवर असते.' छोटं, खरं, आणि न चिडता दिवसातून पन्नास वेळा म्हणता येईल असं.

४. लागणारं सामान

- झाकणाचा छोटा डबा. दिवसा चोखणी यातच राहील. मुलाला दिसेल, पण हात पोचणार नाही अशा जागी.
- हातात धरायला मऊ काहीतरी: आजीच्या जुन्या सुती साडीचा तुकडा, दुपटं, छोटी गोधडी, कापडी ससा. वर्ष उलटलेल्या मुलाजवळ झोपताना हे ठेवायला हरकत नाही. लांब पट्ट्या, नाड्या, सुटणारी बटणं नसावीत. शक्य असेल तर दोन सारखे तुकडे करा, एक धुवायला पडलेला असतो.
- तोंडाला काम देणाऱ्या वस्तू: स्ट्रॉचा पेला, पिपाणी, साबणाचे फुगे. फुंकर मारायला आवडत असेल तर संध्याकाळ सुटते.
- झोपायच्या आधीची दोन पुस्तकं. तीच ती.
- मोकळे तीन-चार दिवस. शुक्रवारची रात्र चांगली, जोडून सुट्टी आली तर आणखी चांगली.
- रात्री आळीपाळीने उठायला दोन मोठी माणसं. एकटे असाल तर बहीण, मैत्रीण, आई, कोणालातरी राहायला बोलवा. हे लाजण्यासारखं नाही.

५. आधी दिवसाची चोखणी सोडवा

एका सकाळी कपड्यांना लावायची क्लिप काढून टाका. चोखणी गळ्याजवळ लोंबत राहते तोवर हात जाणारच. (काही घरांत ती काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालतात. हे कोणत्याही वयात करू नका, दोरा अडकून गळफास बसू शकतो.)

आता नियम असा: चोखणी फक्त गादीवर. मागितली तर नाही म्हणायचं नाही. 'हवीय? चल गादीवर.' पहिले दोन-तीन दिवस मूल खरंच जाऊन पडेल, दोन मिनिटं चोखेल आणि कंटाळून उठेल. उठलं की चोखणी डब्यात. बाहेर खेळ चालू असताना एकटं गादीवर पडून राहणं फार कमी मुलांना जमतं. भांडण न करता दिवसाची सवय अशी निम्म्याहून जास्त विरते.

या काळात मूल जास्त बडबडतं असं लक्षात येईल. तोंड मोकळं असतं, दुसरं काही नाही.

दुखल्यावर मागितली तर? पडलं, गुडघा खरचटला, रडत आलं. इथे आधी उचलून घ्या, फुंकर घाला, जमिनीला दोन फटके मारा, जे तुमच्या घरी करतात ते. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर या टप्प्यात दिली तरी आकाश कोसळत नाही.

एक सापळा इथे असतो. चोखणीच्या जागी हातात बिस्किट येतं. दिवसभर बिस्किट चघळणाऱ्या मुलाचे दात चोखणीने नाही तर किडीने जातात. आणि चावायला द्यायचं म्हणून कच्चं गाजर किंवा खारीक देऊ नका. या वयात तुकडा मोडण्याएवढे दात असतात, पण तो नीट चावून गिळण्याएवढे नसतात.

दिवसाचा टप्पा स्थिर व्हायला दोनेक आठवडे द्या. घाई नाही.

६. निरोप कसा द्यायचा ते ठरवा

डेन्मार्कमध्ये बागेतल्या झाडाला चोखण्या बांधून निरोप द्यायची पद्धत आहे. कोपनहेगनजवळच्या फ्रेडरिक्सबर्ग बागेतलं असं झाड रंगीबेरंगी चोखण्यांनी लगडलेलं असतं. मुलं स्वतःच्या हाताने बांधतात, सोबत चिठ्ठी ठेवतात, आणि नंतर कधी झाडाला भेटायलाही जातात. मला यातली भेटायला जाण्याची सोय फार आवडते. गोष्ट हरवली नाही, ती कुठे आहे ते माहीत आहे, एवढ्याने मुलाला धीर येतो.

आपल्याकडचा लाडका उपाय म्हणजे 'काऊने नेली'. याच्या मी विरोधात आहे. एक तर पहिल्या रात्रीनंतर मूल खिडकीत उभं राहून कावळ्याला हाका मारतं. दुसरं, जो कावळा चोखणी नेतो तो उद्या ससाही नेईल, ही भीती रास्तच आहे. 'मावशीच्या बाळाला देऊ' हेही जपून. ते बाळ पुढच्या रविवारी समोर आलं तर मूल त्याच्या तोंडातली चोखणी ओढून घेईल. शिवाय वापरलेली चोखणी दुसऱ्या बाळाला द्यायची नसतेच.

चालतं ते साधंच असतं. दोन-तीन दिवस आधी सांगा: 'शनिवारी चोखूला टाटा करायचं.' त्याहून आधी सांगू नका, दोन वर्षांच्या मुलाला पुढचा आठवडा कळत नाही. त्या दिवशी मुलाच्याच हाताने डब्यात ठेवा, झाकण त्यालाच लावू द्या, डबा आजोबांच्या कपाटात. बदल्यात काही द्यायचं असेल तर झोपताना उपयोगी पडेल असं द्या, नवं पांघरूण किंवा छोटा दिवा. बॅटरीवर चालणारी, गाणी म्हणणारी गाडी आणलीत तर त्या रात्री कोणीच झोपणार नाही.

दोन वर्षांच्या आतल्या मुलांना या सोहळ्याचा अर्थ लागत नाही. त्यांच्यासाठी सोहळा नको, सरळ पुढची पायरी.

७. रात्री

हळूहळू की एकदम? दोन्ही पद्धतींनी मुलांची सवय सुटते. हळूहळू म्हणजे डोळा लागला की अलगद काढून घ्यायची, मग रोज थोडी आधी. शांत मुलांना हे जमतं. हट्टी मुलांना यात रोज रात्री नवी वाटाघाट सापडते, त्यांच्यासाठी एकदम बंद करणं सोपं. आमची दुसऱ्या गटातली.

एकदम बंद करणार असाल तर रात्रीपासून सुरू करा. रात्री झोपेचा जोर जास्त असतो, दिवे बंद असतात, माणसं घरात असतात. दुसऱ्या दिवशी दुपारीही द्यायची नाही. दुपारची झोप काही दिवस उडेल किंवा अर्ध्या तासाची होईल. मग रात्री तासभर आधी झोपवा, नाहीतर अति दमलेलं मूल आणखी रडतं.

त्या रात्री क्रम रोजचाच ठेवा: जेवण, कोमट पाण्याने हातपाय, दात घासणं, पुस्तक, दिवा बंद, अंगाई, थोपटणं. चोखणी मागितली की एकदाच सांगा, 'चोखूला टाटा केलं ना. मी आहे इथे.' नंतर भाषण नको. कारणं द्यायला लागलात की मूल जागं राहून ती ऐकतं.

आपल्याकडे मूल शेजारी झोपतं, ही इथे मोठी सोय आहे. हात पाठीवर ठेवता येतो, श्वास ऐकू जातो. रडू द्या, पण एकटं टाकू नका. कडेवर घेऊन फेऱ्या मारल्या तरी चालतील. फक्त काल नव्हती अशी एखादी भलतीच सवय आज लावू नका, म्हणजे रात्री दोनला गाडीत बसवून चक्कर वगैरे. उद्या तीच मागितली जाईल.

पहिल्या दोन रात्री सगळ्यात जड. तिसऱ्या-चौथ्या रात्रीपासून रडणं आखडत येतं, आठवड्याभरात बहुतेक मुलं नव्या रीतीने झोपायला लागतात. मध्येच एखादी रात्र पुन्हा वाईट जाते, सगळं सुरळीत झालंय असं वाटताना. ती गेली की गेली.

तासभर रडल्यावर चोखणी परत देणं हा सगळ्यात महाग सौदा. मूल इतकंच शिकतं की तासभर रडावं लागतं. माघार घ्यायचीच असेल, ताप आला, उलटी झाली, तर लगेच घ्या, शांतपणे द्या, आणि महिन्याभराने पुन्हा सुरू करा.

८. हे अजिबात करू नका

कडुनिंब, कोरफड, कारल्याचा रस, मिरची. अंगावरचं दूध तोडताना आपल्याकडे कडू लावायची जुनी रीत आहे, म्हणून चोखणीलाही सुचवतात. कडूने मूल घाबरतं, विश्वास जातो. मिरचीचा हात डोळ्याला लागला तर त्या रात्री इस्पितळ गाठावं लागेल.

चोखणीचं टोक कापणं. इंटरनेटवर हे फार सांगतात, 'ओढ लागत नाही म्हणून मूल सोडून देतं.' कापलेलं सिलिकॉन दातांनी फाटतं आणि तुकडा घशात अडकू शकतो. उलट, चोखणीला भेग किंवा चावा दिसला तर ती त्याच दिवशी फेकायची असते.

मध, साखर, गूळ लावून 'शेवटची' म्हणून देणं. दात किडतात. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवणं तर धोक्याचंच, त्यातून बॉट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते.

चोखणीऐवजी दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवणं. ही अदलाबदल सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात जास्त नुकसान करते: दूध रात्रभर दातांवर राहतं आणि पुढचे वरचे दात काळे पडतात. तहान लागली तर पाणी.

मोबाइल. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. मोबाइल सोडवण्यावर लेख लिहायची वेळ माझ्यावर आणू नका.

झोप यावी म्हणून सर्दी-खोकल्याचं औषध. हा सल्ला देणारं कोणीतरी भेटतंच. हसून विषय बदला.

'शी, एवढी मोठी घोडी झाली तरी चोखते!' किंवा 'बागुलबुवा येईल.' लाज आणि भीती वाटली की मुलाला आधार हवा होतो, आणि त्याचा आधार चोखणीच असते.

९. अंगठा तोंडात गेला तर

काही मुलांचा जातो. घाबरू नका, आणि बोट तोंडातून ओढून काढू नका. हाताला काम द्या: झोपताना दोन्ही हातांत तो साडीचा तुकडा किंवा ससा. दिवसा अंगठा गेला की काहीतरी पकडायला द्या, टोकू नका. थोड्या दिवसांत बऱ्याच मुलांचं हे आपोआप सुटतं. आठवड्यांमागून आठवडे चालूच राहिलं तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा.

१०. डॉक्टरांकडे कधी

तीन वर्षं उलटली तरी सुटत नाही, तोंड मिटल्यावर पुढचे दात टेकत नाहीत, दाढा एका बाजूला सरकलेल्या दिसतात, तर लहान मुलांच्या दंतवैद्याकडे जा. खरं तर पहिली दातांची तपासणी पहिल्या वाढदिवसापर्यंतच व्हावी. नसेल झाली तर हे निमित्त चांगलं आहे, आणि डॉक्टरांनी मुलासमोर 'आता चोखणी बंद' म्हटलं की घरातल्या वादांवरही पडदा पडतो.

दोन वर्षांचं मूल 'पाणी दे', 'बाबा ये' असे दोन शब्द जोडून बोलत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, चोखणी सुटायची वाट बघू नका. मूल वेळेआधी जन्मलेलं असेल, विकासात काही अडचण असेल किंवा गिळण्याचा त्रास असेल तर मात्र सुरू करण्याआधीच विचारा.

लसीकरण कार्ड, मागचे कानाचे कागद असतील तर ते, आणि फ्रिजवरचा तुमचा तो कागद सोबत न्या. डॉक्टरांचे निम्मे प्रश्न त्यात सुटतात.

११. घर झाडून काढा

निरोपाच्या दुसऱ्या दिवशी करायचं काम. चोखणी एकच आहे असं कोणत्याही घरात नसतं. सोफ्याच्या फटीत, लंगोटांच्या पिशवीत, गाडीच्या सीटखाली, आजीच्या पर्समध्ये, पाळणाघराच्या डब्यात, गावच्या घरी. आजोबांच्या कपाटातला डबा तेवढा ठेवा, महिनाभर कोणी विचारलं नाही की तोही रिकामा करा.

तरीही एखादी राहतेच. दीड महिन्याने मूल ती पलंगाखालून काढून तुमच्यासमोर आणेल, कदाचित तोंडात घालूनच. ओरडू नका, हसू नका. 'अरे, ही इथे होती का? दे,' म्हणून हात पुढे करा. मूल देतं. नाही दिली तर दोन मिनिटं थांबून पुन्हा मागा, आणि मग जेवायला बसवा.